गाडी इंजेक्शनची, पेट्रोल मात्र तोंडाने!

कापूस वेचणीच्या दिवसांत भडगाव तालुक्यात मोटारसायकल हे घरातले सर्वांत जास्त राबणारे जनावर असते. सकाळी मजुरांना शेतात सोडायचे, दुपारी कजगावला किंवा पाचोऱ्याला फवारणीचे औषध आणायला जायचे, संध्याकाळी दुधाची कॅन पोहोचवायची. अशी गाडी गिरणाकाठच्या एखाद्या शेतरस्त्यावर अचानक बंद पडली की पुढचे प्रकार ठरलेले असतात. टाकी हलवून पाहायची, झाकण उघडून फुंकर मारायची, प्लग काढून घासायचा, दोघांनी धक्का मारायचा. शेवटी रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून त्याच्या टाकीत नळी सोडायची आणि तोंडाने पेट्रोल ओढायचे.

कार्बोरेटरच्या गाडीवर यातले काही उपाय चालून जात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे ‘एफआय’ गाडीवर यातले बहुतेक निरुपयोगी ठरतात. तोंडाने पेट्रोल ओढणे मात्र तेव्हाही घातक होते आणि आजही आहे. त्यातून होणारा फुप्फुसाचा दाह माणसाला थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. म्हणून गाडीच्या दुखण्याचे निदान कसे करायचे आणि ते करताना स्वतःचा जीव कसा सांभाळायचा, हे दोन्ही एकत्रच समजून घेतलेले बरे.

कार्बोरेटर गेला, काय आले?

जुन्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपोआप खाली उतरे. कॉक, रिझर्व्ह आणि चोक या तीन गोष्टी कळल्या की निम्मा मेकॅनिक झाल्यासारखेच होते. रोजच्या वापराच्या साध्या गाड्यांत इंजेक्शन आणण्याचा प्रयत्न २००६ मध्ये हिरो होंडाच्या ग्लॅमर एफआयने केला होता. पण तेव्हा ते फारसे पसरले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि काही मोजके अपवाद सोडले तर नव्या दुचाकींमधून साधा कार्बोरेटर हद्दपार झाला.

एफआय गाडीत टाकीच्या आतच विजेवर चालणारा एक छोटा पंप बुडवलेला असतो. तो गाळणीतून पेट्रोल घेऊन ते दाबाने पुढे ढकलतो. अनेक गाड्यांत हा दाब सुमारे ३ बार, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दीडपट असतो. पुढे इंजेक्टर नावाची बारीक छिद्रांची तोटी असते. ती सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती उघडते आणि पेट्रोलचा तुषार इंजिनाकडे सोडते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर ही उघडझाप सेकंदाला पन्नास वेळा होते.

किती पेट्रोल सोडायचे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. इंजिन किती तापले, हवा किती येते, अॅक्सिलरेटर किती पिळला, सायलेन्सरच्या धुरात ऑक्सिजन किती उरला, याची खबर त्याला वेगवेगळे सेन्सर देत असतात. थोडक्यात, जुनी गाडी पेट्रोलवर चालत असे. नव्या गाडीला पेट्रोलही लागते आणि ते पोहोचवायला वीजही लागते. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पंप चालत नाही, आणि पंपच चालला नाही तर कितीही धक्का मारला तरी गाडी बहुधा सुरू होत नाही.

आधी विचारपूस, मग तपासणी

रुग्ण आला की डॉक्टर लगेच सुई उचलत नाही. कधीपासून, कशाने, काय खाल्ले, असे आधी विचारतो. गाडीचेही तसेच आहे. पेट्रोल कधी आणि कुठे भरले? गाडी धुतली का? पडली होती का? बरेच दिवस गोठ्यात उभी होती का? या चार प्रश्नांत निम्मे निदान होते. त्यानंतर हत्यार हातात न घेता पुढच्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट, हँडलवरचा लाल बंद-चालू स्विच, म्हणजे किल स्विच. गर्दीत किंवा मुलांच्या खेळण्यात तो बंद झालेला असतो आणि मालक घामाघूम होईपर्यंत स्टार्टर मारत राहतो. दुसरी गोष्ट, साइड स्टँड. बऱ्याच नव्या गाड्यांत तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होते.

तिसरी गोष्ट, गाडी आडवी पडली होती का. अनेक एफआय गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी पडली की तो पंप आणि इंजिन बंद करतो, म्हणजे सांडलेल्या पेट्रोलने आग लागू नये. अशा वेळी गाडी सरळ उभी करून, पेट्रोल गळत नाही ना हे पाहून, चावी बंद करायची आणि काही सेकंदांनी पुन्हा फिरवायची. अनेकदा एवढेच पुरते.

चौथी गोष्ट, कान. शांत जागी चावी फिरवली की सीटच्या पुढे, टाकीखाली दोन-तीन सेकंद ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो. तो पंपाचा आवाज. आवाज येत नसेल तर फ्यूज, रिले, वायरचा जोड किंवा खुद्द पंप यांपैकी कशात तरी बिघाड आहे. सेल्फ मारल्यावर नुसती ‘टकटक’ होऊन दिवे मंदावत असतील, तर पेट्रोलकडे जाण्याआधी बॅटरी पाहावी. गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असणे हेही खेड्यात नित्याचेच.

पाचवी गोष्ट, मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. चावी फिरवल्यावर तो लागणे नैसर्गिक आहे. तो थोड्या वेळाने किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. गाडी चालू असतानाही तो तसाच राहिला तर ईसीयूने दोष नोंदवला आहे असे समजावे. काही गाड्यांत हा दिवा ठरावीक पद्धतीने उघडझाप करून दोषाचा क्रमांक सांगतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मेकॅनिकला दाखवला तर त्याचा बराच वेळ वाचतो. रक्ताचा अहवाल घेऊन डॉक्टरकडे जाण्यासारखेच हे आहे.

लक्षण एक, कारणे अनेक

गाडी सुरू होते, थोडी चालते आणि दम तोडते. झाकण उघडले की ‘फुस्स’ आवाज येतो आणि पुन्हा चालू लागते. यात टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग मातीने बुजलेला असण्याची शक्यता मोठी. आत हवा शिरली नाही की पेट्रोल बाहेर पडायला कष्ट पडतात.

चढावर किंवा दोन पोती लादल्यावर पिकअप जातो, रिकाम्या सपाट रस्त्यावर मात्र ठीक चालते. यात पेट्रोलची गाळणी तुंबणे, पंप थकणे किंवा इंजेक्टरवर थर साचणे यांचा संशय घ्यावा. त्याआधी एअर फिल्टर पाहावा. उन्हाळ्यातल्या नांगरटीची आणि कच्च्या रस्त्याची धूळ खाऊन तो गच्च झालेला असतो.

काळा धूर, पेट्रोलचा वास आणि घसरलेले अॅव्हरेज, असे तिन्ही एकत्र आले तर गाडीला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते आहे. सेन्सर चुकीची खबर देत असावा. गाडी धुतल्यानंतर मिसिंग सुरू झाले, तर प्रेशरच्या पाण्याने वायरचे जोड भिजले असावेत.

खानदेशातल्या ४५ अंशांच्या उन्हात तापून बंद पडणारी गाडी हा वेगळाच प्रकार. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कायम तळाला ठेवून गाडी चालवली तर पंप तापतो आणि तळाचा गाळही त्याच्याकडे ओढला जातो. ‘शंभराचे टाक’ ही सवय पंपाचे आयुष्य कमी करते. गाडी सावलीत थांबवून निवू द्यावी आणि टाकीत पेट्रोल भरावे. तापलेल्या गाडीवर पाणी ओतू नये. टाकी अगदी गळ्यापर्यंत भरणेही बरे नव्हे. पेट्रोलची वाफ शोषण्यासाठी गाडीत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो; त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरले तर तो बिघडतो आणि गाडी अडखळू लागते.

इथेनॉल आणि पाणी

गाडी नीट होती, पेट्रोल भरले आणि मैलभरात बंद पडली, ही तक्रार पावसाळ्यात जास्त ऐकू येते. तिच्यामागे रसायनशास्त्र आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, म्हणजे ई-२० ची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. ऊस आणि मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून बाजार मिळाला, आयातही काही प्रमाणात वाचली. सक्तीच्या ई-२० विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते आणि अॅव्हरेज थोडे उतरणे स्वाभाविक आहे.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. साध्या पेट्रोलमध्ये पाणी गेले तर ते थेट तळाशी बसे. इथेनॉलच्या मिश्रणात थोडे पाणी विरघळून जाते आणि जळूनही जाते. मात्र एका मर्यादेनंतर मिश्रण फाटते, नासलेल्या दुधासारखे. पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात, पेट्रोल वर राहते. पंप पेट्रोल ओढतो तो तळाकडून. म्हणजे गाडीच्या वाट्याला नेमके पाणीच येते.

अशा वेळी बाजारातले कुठलेही ‘औषध’ टाकीत ओतून उपयोग नसतो. टाकी रिकामी करून, साफ करून, नवे पेट्रोल भरावे लागते. पेट्रोल पंपावर शंका आली तर ग्राहक फिल्टर पेपर मागू शकतो. पेपरवर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. मापाची शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागता येते.

टाकी रिकामी करण्याची वेळ आली की नळी बाहेर निघते आणि खरा धोका सुरू होतो. जुन्या गाडीत कॉकची नळी काढून पेट्रोल बाटलीत घेता येई. एफआय गाडीत बहुधा हाताने फिरवायचा कॉकच नसतो. म्हणून नळी टाकीच्या तोंडातून आत जाते आणि तिचे दुसरे टोक माणसाच्या तोंडात.

एक घोट, दोन फुप्फुसे

पेट्रोल पोटात गेले की विषबाधा होते, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात मोठे संकट श्वासनलिकेत येते. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ, सहज पसरणारे आणि लगेच वाफ होणारे. नळीतून ओढताना माणूस जोराने श्वास आत घेत असतो. पेट्रोल एकदम तोंडात येते, ठसका लागतो आणि त्या ठसक्याबरोबर काही थेंब श्वासनलिकेत उतरतात. एवढीशी मात्राही गंभीर दाह घडवू शकते.

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी सूक्ष्म फुगे असतात. ते मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांना आतून साबणासारखा एक पातळ थर असतो. पेट्रोल हा थर विरघळवते. फुगे मिटतात, त्यांत पाणी भरते, आणि छाती हलत असूनही रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो. याला रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. जंतू नसतानाही काही तासांत ताप चढतो.

फसवणारी गोष्ट अशी की, पहिला ठसका ओसरल्यावर माणसाला बरे वाटू शकते. चूळ भरून, दोन शिव्या हासडून तो कामाला लागतो. खोकला, धाप आणि छातीत दुखणे काही तासांनी वाढत जाते. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो; डाग नंतर दिसतात. म्हणून अशा रुग्णाला निदान सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवतात, बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन पाहत राहतात आणि गरजेप्रमाणे एक्स-रे पुन्हा काढतात. यावर उतारा असे कोणतेही औषध नाही. ऑक्सिजन, निरीक्षण आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर, हाच उपचार. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण सगळे नाही.

घरच्या उपायांतला सर्वांत वाईट उपाय म्हणजे उलटी करवणे. घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजणे, दूध-तुपाचा मारा करणे, यांनी पोटातले पेट्रोल पुन्हा घशाशी येते आणि फुप्फुसात जायची दुसरी संधी त्याला मिळते. जे पोटात गेले ते तिथेच राहू द्यावे. चूळ भरून थुंकावे, पेट्रोलने भिजलेले कपडे काढावेत, कातडी साबणाने धुवावी, माणसाला बसते ठेवावे आणि दवाखाना गाठावा. सतत खोकला, धाप, निळसर ओठ, गुंगी किंवा ताप, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. किती पेट्रोल गेले, कधी गेले आणि उलटी झाली का, हे डॉक्टरला नेमके सांगावे.

मुलांच्या बाबतीत तर ठसका लागला नसला तरी थांबू नये. ओढून काढलेले पेट्रोल बहुधा पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरले जाते आणि ती बाटली ओट्याखाली राहते. एक ते पाच वर्षांचे मूल तहानेच्या भरात ती तोंडाला लावते. पूर्वी हे रॉकेलने होत असे. खाण्यापिण्याच्या बाटलीत पेट्रोल, थिनर किंवा फवारणीचे औषध कधीही भरू नये, हा नियम घरात सर्वांना पाठ हवा.

डोळे, हात आणि बंद शटर

एफआय गाडीची पेट्रोलची नळी घाईने उपसली तर आतल्या दाबामुळे चिळकांडी उडते. ३ बारचा हा दाब कातडी भेदत नाही. पण पेट्रोल डोळ्यात जाते किंवा तापलेल्या सायलेन्सरवर पडते. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनांची गोष्ट वेगळी. तिथल्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असू शकतो. गळती शोधायला त्यावर बोट फिरवले तर डिझेल कातडीखाली घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र हात सडायला लागतो. अशी जखम त्याच दिवशी सर्जनला दाखवावी लागते.

पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. मग मे महिन्यातल्या जळगाव जिल्ह्याची काय कथा! ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि काही फुटांवरची बिडी किंवा चूल तिला पुरते. टाकीत पेट्रोल किती आहे हे पाहायला काडी पेटवणे आता कुणी करत नाही. पण मोबाइलची बॅटरी मरते आणि लायटर खिशात असतोच. काम उघड्यावर करावे, चावी बंद करून, इंजिन थंड झाल्यावर.

गॅरेजमधल्या पोरांची काळजी वेगळी आहे. सुटे भाग पेट्रोलने धुणारे हात दिवसभर ओले असतात. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा एक टक्का आहे. अनेक वर्षांच्या संपर्काने बेंझिन रक्ताचा कर्करोग घडवू शकते. हातमोजे आणि पेट्रोलऐवजी डिटर्जंटचे पाणी हा त्यावरचा साधा उपाय. थंडीत शटर अर्धे ओढून गाडी चालू ठेवण्याची सवयही सोडायला हवी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नसतो. डोके जड होणे आणि मळमळ हीच त्याची पहिली खूण.

डिकीत काय हवे

रबरी फुगा दाबून पेट्रोल ओढणारा छोटा सायफन पंप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि तो फार महाग नसतो. गावातल्या दूध संकलन केंद्रात, किराणा दुकानात किंवा गॅरेजमध्ये असा एक पंप ठेवला तर अख्ख्या गल्लीची सोय होते. त्यासोबत पेट्रोलसाठी घट्ट झाकणाचा, नाव लिहिलेला धातूचा डबा असावा. तीन-चार फ्यूज, गाडीचे माहितीपुस्तक आणि मेकॅनिकचा नंबर एवढे डिकीत असले की पुरे. पंपाचा आवाज येत नसेल, दिवा विझत नसेल किंवा टाकीत पाणी गेल्याची शंका असेल, तर गाडी टेम्पोत घालून न्यावी लागेल, दिवस मोडेल, चारशे-पाचशे रुपये जातील. कपाशीच्या हंगामात हे जड जाते हे खरे आहे. नळी तोंडात धरण्याआधी मात्र हा हिशेब आणि दवाखान्यातल्या आठ दिवसांचा हिशेब, दोन्ही शेजारी मांडून पाहावेत.